पडद्यावरची दारू आणि घरातली पोरं

आपल्याकडे पडद्यावर कुणी ग्लास उचलला की खाली पट्टी येते, मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. झालं, सुटलो! पोरं ती पट्टी वाचतात असं मला तरी वाटत नाही. मग गोष्टीतूनच काही सांगता येतं का? अमेरिकेत हे दोन तऱ्हांनी करून पाहिलंय.

१९७१ साली तिथे मतदानाचं वय १८ झालं आणि पाठोपाठ बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. शाळकरी पोरांपर्यंत बाटली पोचायला मग कितीसा वेळ! फेब्रुवारी १९७५ मध्ये एनबीसीने 'सारा टी.' हा चित्रपट टीव्हीवर दाखवला. 'एक्झॉर्सिस्ट'वाली लिंडा ब्लेअर यात चौदा वर्षांची, दारूच्या आहारी गेलेली मुलगी. आईवडिलांचा घटस्फोट, नवी शाळा. दारुडा म्हणजे गटाराकाठी पडलेला बाप्या, ही समजूत या चित्रपटाने मोडली. बाकी गडकऱ्यांनी सुधाकराचं केलं तेच: घसरण दाखवा, घाबरवा.

दुसरी तऱ्हा १९८८ ची. तोवर केंद्राने महामार्गाच्या निधीची नाडी आवळून सगळ्या राज्यांना वय पुन्हा २१ करायला लावलं होतं. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातले जे विन्स्टन हॉलिवूडच्या लेखकांकडे गेले. त्यांनी अख्खा भाग मागितलाच नाही, चार-दोन सेकंदांचा संवाद मागितला. पार्टीला निघालेल्यांपैकी एकाने सहज म्हणायचं, आज गाडी माझ्याकडे, मी घेणार नाही. कल्पना मूळची स्कँडिनेव्हियातली, नाव 'डेझिग्नेटेड ड्रायव्हर'. 'चीअर्स'मध्येही ते आलं, आणि ती मालिका घडते बॉस्टनच्या एका बारमध्ये! चार हंगामांत १६० हून जास्त भागांत हा विषय आला. १९९१ मध्ये हा शब्द रँडम हाऊसच्या शब्दकोशात गेला. दारूमुळे होणारे अपघाती मृत्यूही त्या वर्षांत कमी झाले, पण कायदे कडक झाले होते, अपघातात मुलं गमावलेल्या आयांची संघटना १९८० पासून रस्त्यावर होती. सगळं श्रेय मालिकांना द्यायला मी तयार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. एकाने प्यायची नाही म्हणजे उरलेल्या तिघांना मोकळं रान, अशी टीका झालीच. मोठ्यांपुरतं ते चालून जातं. सतरा वर्षांच्या टोळक्यात मात्र चौघांनाही मनाई, आणि रात्री घरी यायला गाडी एकच. "एक जण तरी शुद्धीत राहा" म्हणावं तर पिण्याला परवानगी दिल्यासारखं होतं. न म्हणावं तर गाडी कोण चालवतंय ते कळत नाही. मी असतो तर म्हटलं असतं, मनाई कायम ठेवून. आणि वर सांगितलं असतं, चौघेही प्यायला असाल तर मला फोन करा, रात्री दोन वाजता असला तरी.