फुप्फुसातील हवेचा हिशेब

बंगळूरच्या जयनगराजवळ १९७३ साली किडवाई कर्करोग संस्था उभी राहिली. अशा संस्थांत वैद्याइतकेच महत्त्व भौतिकतज्ज्ञाला आहे, आणि त्याला कारण आहे ते आपल्या फुप्फुसातील हवा.

क्ष-किरणांचा शोध राँटगेनने १८९५ साली लावला. पुढे कित्येक वर्षे देह म्हणजे जणू पाणीच, असे धरून किरणमात्रेचा हिशेब होत असे. स्नायूंच्या बाबतीत तो बहुतांशी जुळे. परंतु फुप्फुसाची घनता पाण्याच्या चतुर्थांशाच्या आसपास. तेथे किरण कमी क्षीण होतात आणि पलीकडच्या भागाला अधिक मात्रा मिळते. उलट, किरणांनी उसळविलेले इलेक्ट्रॉन दूरवर विखुरतात, त्यामुळे गाठीच्या कडेला मात्रा अपुरी पडते. अशा उणिवेतून रोग पुन्हा डोके वर काढू शकतो.

हाउन्सफील्डच्या यंत्राने १९७१ साली रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र टिपले. पुढे अशाच चित्रांवरून सर्व देहाच्या घनतेचा नकाशा मिळू लागला, आणि संगणक एकेका किरणाचा मार्ग अजमावू लागले. हे गणित जाणणारी माणसे घडविणारा अभ्यासक्रम तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात १९६२ पासूनच चालू झाला होता. रुग्णाला यंत्र दिसते. त्यामागे बसलेला हिशेबनीस मात्र सहसा दिसत नाही.