आशय टिकावा, वेश बदलावा : संकेतस्थळांच्या थीमचा एक लहानसा इतिहास

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीच्या जाळ्याचा पहिला प्रस्ताव मांडला. निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली वैज्ञानिक माहिती परस्परांशी जोडणे, हा त्यामागचा हेतू होता. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, दुवा कोणता, एवढेच एचटीएमएल सांगत असे. पान कसे दिसावे, हे बव्हंशी वाचकाच्या ब्राउझरवर सोपवलेले होते.

जाळे प्रयोगशाळेबाहेर पडताच देखणेपणाची मागणी वाढली. रंग, अक्षरांचा आकार, रकाने यांच्या सूचना थेट मजकुरातच मिसळल्या जाऊ लागल्या. परिणामी एक रंग बदलायचा, तर शेकडो पाने दुरुस्त करावी लागत. यावर उपाय सुचला तोही सर्नमध्येच. १० ऑक्टोबर १९९४ रोजी हाकोन व्यूम ली यांनी शैली मजकुरापासून वेगळी ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

आशय-व्यवस्थापन प्रणालींनी हेच तत्त्व पुढे नेले. २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेसमध्ये मजकूर विदागारात राहतो. फेब्रुवारी २००५ च्या १.५ या आवृत्तीपासून त्याला थीमची जोड मिळाली. मात्र सोयीबरोबर नव्या चुकाही आल्या आणि आजचे संकेत त्या चुकांतूनच घडले.

पहिला संकेत असा, की थीमने केवळ दिसणे सांभाळावे. समजा, एखाद्या संस्थेने व्याख्यानांच्या नोंदींचा प्रकार थीममध्येच घडवला. थीम बदलली, की नोंदी विदागारात असूनही पडद्यावरून नाहीशा होतात. असे काम प्लगइनचे. दुसरा संकेत, मूळ थीमच्या फाइलींना हात लावू नये. बदल उपथीममध्ये करावेत, नाहीतर पुढच्या अद्यतनात ते पुसले जातात. तिसरा, बाहेरून आलेला मजकूर निर्धोक करूनच पडद्यावर आणावा. चौथा, बटणांवरचे शब्दही भाषांतर करता येतील असे ठेवावेत आणि ओळींतील अंतर केवळ रोमन अक्षरे पाहून ठरवू नये. देवनागरीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात, अंतर अपुरे पडले तर ते कापले जातात.

भारतात या गोष्टी केवळ तांत्रिक नाहीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे सिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग वाचकांना सुलभता हा त्यांचा एक मुख्य आधार आहे. शिष्यवृत्तीची सूचना केवळ चित्रातून दिली आणि त्या चित्राला पर्यायी मजकूर जोडला नाही, तर पडदावाचक वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती प्रसिद्धच झालेली नसते.

भौतिकीत निर्देशक-चौकट बदलली, तरी नियम बदलत नाहीत. वर्णन तेवढे बदलते. थीमची कसोटीही हीच मानता येईल. आपल्या विभागाचे संकेतस्थळ घडवणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा : संकेतस्थळाची प्रत काढून तिच्यावर दुसरी कोणतीही थीम चढवावी आणि काय हरवले, याची यादी करावी. त्या यादीत एखादा शोधनिबंध, एखादी नोंद किंवा एखादा जुना दुवा सापडला, तर ती वस्तू आरंभापासून चुकीच्या जागी ठेवली होती, असे समजावे.