लिंगाचा कर्करोग : अवयव वाचवणारी शस्त्रक्रिया

लिंगाचा कर्करोग बहुधा शिश्नमुंडावर किंवा अग्रत्वचेच्या आत सुरू होतो. मागे न सरकणारी अग्रत्वचा, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू यांमुळे त्याचा धोका वाढतो. न भरणारी जखम, गाठ किंवा रक्तस्राव दिसल्यास तुकडा काढून तपासणी करतात.

पूर्वी गाठीभोवतीचा २ सेंटीमीटर निरोगी भागही काढत. त्यात बरेचसे लिंग जाई. आता काही मिलिमीटरची कड पुरेशी मानतात. रोग अगदी वरच्या थरात असेल तर मलम किंवा लेझर, फक्त अग्रत्वचेत असेल तर ती काढणे पुरते. शिश्नमुंडाचा थर किंवा संपूर्ण मुंड काढावे लागले, तर मांडीची पातळ त्वचा लावून नवे टोक घडवतात. उभ्याने लघवी करता येते; अनेकांना लैंगिक संबंधही शक्य होतात.

अवयव राखल्यास रोग त्याच जागी उलटण्याची शक्यता थोडी वाढते. तो लवकर सापडला तर पुन्हा उपचार होतात, म्हणून नियमित तपासणी चुकवू नये. जांघेतील गाठींची तपासणीही आवश्यक. जीव वाचणे बहुतांशी त्यांवर अवलंबून असते.

लाजेपोटी महिने दवडले, की अवयव वाचवण्याची संधी हुकते. आरोग्य शिबिरांत कार्यकर्त्यांनी या विषयावर मोकळेपणाने बोलावे.