स्फटिकांची खतावणी



शाळेंत अनेक वर्षें मुलांच्या गुणांची वही सांभाळतां सांभाळतां मला एक गोष्ट कळून चुकली. निकाल फळ्यावर लागतो, तो सर्वांना दिसतो. परंतु तो खरा कीं खोटा हें ठरतें कपाटांतल्या वहीवरून. एके वर्षीं गुण उतरवितांना माझ्या हातून दोन विषयांच्या रकान्यांची अदलाबदल झाली, आणि गणितांत हुशार असलेला एक मुलगा गणितांतच नापास ठरला. वही होती म्हणून चूक सांपडली. आज मी जी हकीकत सांगणार आहें, तीहि अशाच एका वहीची आहे. मात्र ही वही मुलांची नसून स्फटिकांची आहे.

1912 सालीं म्यूनिच येथें माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख व क्निपिंग या दोघांनीं मोरचुदाच्या स्फटिकांतून क्ष-किरण पाठविले, तेव्हां मागील फोटोच्या कांचेवर ठिपके उमटले. इंग्लंडांत ब्रॅग पितापुत्रांनीं त्यांचा अर्थ लावला. स्फटिकांत अणूंचे थर कवाइतीच्या रांगांप्रमाणें उभे असतात, आणि असा प्रत्येक थरसमूह जणूं आरशासारखा किरण परतवितो. म्हणून प्रत्येक ठिपक्यास ‘परावर्तन’ हें नांव पडलें. थरांना तीन पूर्णांकांनीं ओळखण्याची पद्धत केंब्रिजच्या विल्यम मिलर यांनीं 1839 सालींच रूढ केली होती. तीच येथें उपयोगी पडली. तीन अंक म्हणजे हजेरीपटावरील क्रमांक, आणि चौथा, म्हणजे ठिपक्याची तीव्रता, हे त्याचे गुण. अशा शेंकडों नोंदींवरून अणूंच्या जागा शोधून काढावयाच्या, हेंच या शास्त्राचें काम.

आरंभीं तीव्रता डोळ्यांनींच अजमावीत. फिल्मवरील ठिपका क्रमाक्रमानें गडद होत जाणाऱ्या ठिपक्यांच्या पट्टीशीं ताडून पाहात व आंकडा वहींत मांडीत. निबंधाच्या शेवटीं या नोंदींचें कोष्टक छापण्याची चाल होती. एका बाजूस मोजलेली किंमत व तिच्या शेजारीं गणितानें आलेली. वाचकानें स्वतः पडताळा घ्यावा, हा त्यांतील हेतु. पुढें प्रथिनांचा अभ्यास सुरू झाला व नोंदी वाढल्या. केंब्रिजच्या जॉन केंड्र्यू यांना मायोग्लोबिनच्या पहिल्या ढोबळ चित्रासाठीं सुमारें 400 परावर्तनें पुरलीं. 1960 सालच्या सूक्ष्म चित्रासाठीं तीं 10,000 च्या घरांत गेलीं. एवढा हिशेब संगणकावांचून होणें नव्हतें, आणि एवढीं कोष्टकें छापणेंहि परवडणारें नव्हतें.

मग वहीची जागा ऐंशी रकान्यांच्या छिद्रित पुठ्ठ्यांनीं घेतली. जॉर्ज शेल्ड्रिक यांची 1976 सालची ‘शेलेक्स’ ही आज्ञावली त्याच काळांतली. तिच्या नोंदवहींत एका ओळीस एक परावर्तन. तीन अंकांस प्रत्येकीं चार घरें, तीव्रतेस आठ, तिच्या संभाव्य चुकीस आठ. पुठ्ठे केव्हांच गेले. घरांची मोजणी मात्र अजून चालूच आहे. या वहीच्या रकान्यांना मथळा नाहीं. आंकडा एक घर सरकला तरी अर्थ पालटतो, आणि ही तीव्रता आहे कीं तिचें वर्गमूळ, हें वापरणाऱ्यास वेगळें सांगावें लागतें.

ही अडचण ओळखून ब्रिटनमध्यें निराळी रीत निघाली. प्रथिनांचें काम करणाऱ्या मंडळींनीं 1979 सालीं ‘सीसीपी-फोर’ हा सहकारी उपक्रम सुरू केला. त्यांच्या ‘एमटीझेड’ नामक वहींत प्रत्येक रकान्यास नांव असतें व त्याची जात सांगणारें एक अक्षर असतें. स्फटिकाचीं मापें व झालेल्या संस्कारांचा इतिहासहि तींतच नोंदविलेला असतो. मात्र ही वही यंत्राच्या लिपींत असते. नुसत्या डोळ्यांनीं ती वाचतां येत नाहीं. माझ्या पुतणीनें ती मला पडद्यावर उघडून दाखविली. प्रथम कोष्टक आलें; मला त्यांत आंकड्यांच्या रानावांचून कांहीं दिसेना. मग तिनें तेच आंकडे ठिपक्यांच्या रूपानें मांडले, अगदीं जुन्या फोटोसारखे. तत्क्षणीं एका बाजूस पाचरीएवढी जागा रिकामी दिसली. तेथलीं परावर्तनें मोजावयाचींच राहिलीं होतीं. कोष्टकांत गैरहजर ओळ डोळ्यांना दिसत नाहीं. चित्रांत रिकामी जागा लपत नाहीं.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. प्रत्येक परावर्तनास उलट्या चिन्हांच्या अंकांचा एक जुळा भाऊ असतो. दोघांच्या तीव्रतेंतील सूक्ष्म फरकावरून रेणू डावा कीं उजवा हें ठरवितां येतें. अमेरिकेंतील एका संशोधकगटाच्या घरगुती आज्ञावलीनें या जुळ्यांचे दोन रकाने उलटेपालटे केले. आलेलें चित्र आरशांतल्या प्रतिमेसारखें उलटें निघालें. 2006 सालीं स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं तशाच एका प्रथिनाची निराळी रचना प्रसिद्ध केली, तेव्हां शोध घेतां घेतां मूळ चूक हातीं लागली, आणि पांच निबंध मागें घ्यावे लागले. त्या निबंधांवर विसंबून इतरांनीं घालविलेलीं वर्षें कोण भरून देणार?

प्रथिनांच्या रचनांचें सार्वजनिक भांडार 1971 सालीं स्थापन झालें. बराच काळ तेथें अणूंच्या जागा, म्हणजे निकाल, दिला तरी चाले; परावर्तनांची वही देणें ऐच्छिक होतें. 2008 च्या फेब्रुवारीपासून तीहि सक्तीची झाली. निकाल सांगणाराच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका म्हणून नव्हे, तर प्रामाणिक माणसाच्या हातूनहि रकाना चुकतो म्हणून. त्या मुलाची प्रगतिपुस्तिका मीं लाल शाईनें दुरुस्त केली, तेव्हां वही जपून ठेवण्याचें मोल मला कळलें होतें. शास्त्रज्ञांनाहि तें कळण्यास किंमत मोजावी लागली, इतकेंच.