चांदीचं झाड, पैशाची काच

माझी मावशी वेहेरगावची, एकवीरेच्या पायथ्याची. लग्नानंतर ती खंडाळ्याला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यात कामाला लागली आणि तिथंच म्हातारी झाली. मी आठ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं मला जेवणघरातलं ‘झाड’ दाखवलं. हातभर उंच, पाच फांद्यांचं, अस्सल चांदीचं. प्रत्येक फांदीच्या टोकाला मेणबत्तीची वाटी. बुडाशी एक इवलासा सिंह ठशानं उमटवलेला होता. कार्ल्याच्या लेण्यापुढच्या सिंहस्तंभावरून तो उतरून आला असावा, असं मावशीला वाटे. पुढं मला कळलं, की चालता सिंह ही इंग्लंडातली चांदीची मुद्रा. हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची ती हमी.

‘झाड’ हा शब्द मावशीचा एकटीचा नव्हता. वाड्यांमधल्या अशा फांद्यांच्या दिव्यांना मराठीत झाडंच म्हणत. एकट्या मेणबत्तीच्या बैठकीला शामदान. शमा म्हणजे मेणबत्ती, आणि ‘दान’ तेच, जे अत्तरदाणीत आणि पीकदाणीत आहे.

हे झाड घाट चढून आलं ते रेल्वेमुळं. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण खाली खोपोलीपर्यंतचा घाट तेवढा राहिला. तो टप्पा लोक पालखीतून, नाहीतर पायी पार करत. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबईच्या धनिकांना खंडाळा-लोणावळ्याची हवा जवळची झाली. बंगले उठले, त्यामागून पियानो, चिनी मातीची भांडी आणि चांदी आली.

मावळातल्या पावसाळी दमट हवेत चांदी भराभर काळवंडते. मावशी दर पंधरवड्याला ते झाड उतरवायची. वाटीत साचलेलं मेण सुरीनं खरवडायचं नाही, ओरखडा पडतो. कोमट पाण्यात धरलं की ते आपोआप सुटतं. मग रिठ्याचं पाणी, मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा. “पितळेला चिंच, चांदीला रिठा,” ती म्हणायची. “आणि दोघांना वेळ.” आयुष्यभर तिनं ते झाड घासलं. त्यावरच्या मेणबत्त्या पाहुणे जेवायला बसले की पेटत, आणि त्या उजेडात ती ताटं आत-बाहेर करी.

आमच्या घरी, तळेगावाजवळच्या वाडीत, उजेड होता कंदिलाचा. त्याची काच पुसणं हे माझं संध्याकाळचं काम. आजोबा दर वेळी बजावत, “जपून. आपल्या तळेगावची काच आहे ती. तिच्यात माझाही एक पैसा आहे.”

तो पैसा म्हणजे काय, ते मला शिक्षिका झाल्यावर नीट उमगलं. तळेगाव सरसेनापती दाभाड्यांचं. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेराव दाभाड्यांना सेनापती केलं. १७३१ मध्ये त्यांचे पुत्र त्रिंबकराव डभोईच्या लढाईत पडल्यावर आई उमाबाईंनी दौलत सांभाळली. गावाच्या नावात आजही दाभाडे आहेत. पण याच गावात १९०८ मध्ये एक कारखाना उभा राहिला, ज्याला कुणी सरदार नव्हता. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला फक्त एक पैसा मागायचा, असा पैसा फंड काढला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होत. म्हणजे एका रुपयामागे चौसष्ट माणसं. त्या रकमेतून काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याची व्यवस्था पाहायला आले. दिव्यांच्या काचा तोवर युरोपातून येत. त्या आता वाळू, सोडा आणि चुन्याच्या रसातून तळेगावात फुंकल्या जाऊ लागल्या. इथं हात बसलेले कारागीर पुढं इतर प्रांतांतल्या कारखान्यांत गेले. स्वदेशीची भाषणं मी पुस्तकांत वाचली, पण स्वदेशी हाताला लागलं ते त्या कंदिलाच्या काचेत.

त्याच काळात लोणावळ्याला तिसरा उजेड जन्मत होता. १९११ मध्ये वळवण धरणाचा पाया घातला गेला. मावळातल्या पावसाचं पाणी खोपोलीला उतरवून तयार केलेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आमच्या वाडीत खांब यायला पुढं अर्धशतक गेलं. ज्या डोंगरांवर तो पाऊस पडला, त्यांच्या कुशीतली घरं तितकी वर्षं त्या काचेआडच्या वातीवर जगली.

म्हणून जुन्या बंगल्यातलं चांदीचं झाड लिलावात निघालं, अशी बातमी वाचली की मी थांबते. त्याचं वजन, घडवणाऱ्याची मुद्रा, घराण्याचं नाव, सगळं नोंदलेलं असतं. नोंदावं, कारण ती कारागिरी खरी आहे. पण ते झाड वर्षानुवर्षं उजळ ठेवणाऱ्या हातांचीही नोंद व्हावी. आणि कंदिलाच्या काचेची तर व्हायलाच हवी. चांदी वितळवली तरी चांदीच उरते. फुटलेली काच उकिरड्यावर जाते, आणि तिच्यासोबत चौसष्ट माणसांचा रुपयाही.

आजोबांच्या कंदिलाची काच माझ्याकडं आहे, काठाला एक कपचा उडालेली. दिवाळीच्या आधी मी ती काढते, लहानपणी काढायची तशीच. तोंडाशी धरून आत हाऽ करून वाफ सोडते आणि फडक्यानं पुसते. तळेगावच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या कुणा माणसानं अशाच एका श्वासानं तिला आकार दिला होता.