घराबरोबर विकला जाणारा दोष

२४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी महाड शहरातील काजळपुरा भागात ‘तारीक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे मृत्युमुखी पडली. इमारत उभी राहून जेमतेम सात वर्षे झाली होती. बांधणारा, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्या यादीत घर घेणाऱ्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, पण ढिगाऱ्याखाली तेच होते. घरातला दोष कोणी सांगायचा आणि कोणी शोधायचा, हा प्रश्न मात्र या इमारतीपेक्षा फार जुना आहे.

इसवी सनापूर्वी सुमारे १७५० च्या सुमारास बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने आपल्या कायद्यात लिहून ठेवले की, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड द्यावा. शिक्षा कठोर होती, पण जबाबदारी बांधणाऱ्याची हे त्यात स्वच्छ होते. घर एकाकडून दुसऱ्याकडे विकले गेले की मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ ने त्याचे उत्तर दिले. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. सांगितला नाही तर ती फसवणूक समजली जाते.

त्या काळी ‘साधारण काळजी’ पुरेशी होती. महाड-पोलादपूर भागातील जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या किंवा विटांच्या भिंती, लाकडी खांब, वासे आणि वर कौले. खांबाला वाळवी लागली की बोटाने टोचून कळे. भिंत फुगली की डोळ्यांना दिसे. सिमेंट-काँक्रीटच्या घरात तसे होत नाही. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसण्यासाठी आत लोखंडी सळया असतात. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने सळईवर संरक्षक थर तयार होतो. परंतु मिश्रणात पाणी जास्त घातले की काँक्रीटमध्ये सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून ओलावा व हवेतील कार्बन डायऑक्साइड आत जातो, अल्कता घटते आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतूनच फुटते. वरचा गिलावा आणि नवा रंग हे सारे काही काळ झाकून ठेवतो. भरपूर पावसाच्या प्रदेशात ओलावा तर सदैव हजर असतो.

लपलेला दोष कागदातही असतो. गच्चीवर चढवलेली खोली, तोडलेली भिंत, परवानगीपेक्षा वाढवलेला मजला ही त्याची नेहमीची उदाहरणे. खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरले, असा समज सर्वत्र आढळतो. नोंदणी होते ती दस्ताची, भिंतींची नव्हे. मालक बदलल्याने अनधिकृत मजला अधिकृत होत नाही. मुंबईतील वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले १९८० च्या दशकात बांधून विकले गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियमित करण्यास नकार दिला, तेव्हा संकट आले ते तिथे राहणाऱ्यांवर. दंड भरून नियमित झालेल्या बांधकामाचाही फक्त कागद दुरुस्त होतो. कमकुवत खांब कमकुवतच राहतो.

कायदे पुढे वाढत गेले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देण्यास मनाई केली. दोष तीन वर्षांत लक्षात आणून दिल्यास बांधणाऱ्याने शक्यतो तो विनामूल्य दुरुस्त करायचा. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने ही मुदत पाच वर्षे केली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीची संरचनात्मक तपासणी सांगितली आहे, पण ती पंधरा वर्षांनंतर. आता या आकड्यांशेजारी महाडचा आकडा ठेवून पाहावा. सात वर्षांची इमारत पहिल्या मुदतींच्या पलीकडे आणि तपासणीच्या वयाच्या अलीकडे पडते. नेमक्या या फटीत घर दुसऱ्यांदा विकले गेले, तर घेणाऱ्याच्या हाती उरते ते विकणाऱ्याचे प्रामाणिकपण आणि स्वतःची चौकशी.

म्हणून मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे, नकाशा प्रत्यक्ष घराशी ताडून पाहावा आणि खांबावरच्या उभ्या भेगा अभियंत्याला दाखवाव्यात. आठवी-नववीच्या मुलांना हा नकाशा वाचता येतो; भूमितीच्या तासाला प्रमाण शिकवताना शाळेच्याच इमारतीचा नकाशा घेता येईल. १८८२ चा कायदा विकणाऱ्याला बोलायला सांगतो, आणि त्याला इमारतीच्या वयाची अट नाही. घेणाऱ्याला काय विचारायचे हे ठाऊक असेल, तर न बोलणे अवघड होते.