उलटी मूठ

मध्यंतरी मोतीबागेवरच्या जुन्या क्रिकेटबद्दल इथे बरंच लिहून आलं. मी गप्प होतो, कारण माझं क्रिकेट बाराव्या वर्षीच संपलं. आज गोल्फबद्दल लिहितोय, पण सुरुवात धोपाटण्यापासून करावी लागेल.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आईचं कपडे धुण्याचं धोपाटणं हीच बॅट. मी उजव्या हाताने जेवणारा, लिहिणारा. पण धोपाटणं धरलं की डावा हात खाली आणि उजवा वर, आपोआप. चेंडू चौक ओलांडून जायचा, त्यामुळे वाड्यात कुणाची हरकत नव्हती. पुढे शाळेच्या संघाची निवड होती. तिथल्या सरांनी एकच चेंडू पाहिला आणि म्हणाले, "हात सुलटे कर, नाहीतर बाजूला हो." सुलटे केले. तीन चेंडूंत दोनदा त्रिफळा उडाला. घरी आईला सांगितलं की गृहपाठ फार असतो, म्हणून खेळणं सोडलं. ते तिला खरं वाटलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बदल्या झाल्या, निवृत्त होऊन बडोद्यास परत आलो. एकसष्टाव्या वर्षी एका मित्राने गोल्फला नेलं. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं कोर्स आपल्यापैकी बहुतेकांनी निदान बाहेरून पाहिलं आहे. प्रतापसिंहरावांनी ते १९३०च्या दशकात युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतलं होतं. १९९०च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते नव्याने उभं केलं आणि बाहेरच्यांना खुलं केलं. तोवर आपल्यासारख्यांचा त्या खेळाशी संबंध नव्हताच. काठी हातात घेतली आणि पन्नास वर्षांनी हात परत उलटे पडले! मित्र हसला. मी मात्र या वेळी बाजूला झालो नाही. घरी येऊन वाचायला बसलो.

वाचल्यावर कळलं की ज्याला आज सगळे "बरोबर पकड" म्हणतात, ती काही पहिल्यापासून तशी नव्हती. हा खेळ जुना आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ मध्ये त्यावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे लागले होते. भारतात कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. पण इतकी शतकं लोक काठी दहाही बोटांनी, मुठीत आवळून धरत आले. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवायची पद्धत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, हॅरी व्हार्डनमुळे. त्याच्या आधी लेडले नावाचा हौशी खेळाडू तसंच धरत असे. पण व्हार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली आणि पकडीला त्याचंच नाव चिकटलं. जिंकणाऱ्याचं नाव लागतं, बँकेत काय आणि मैदानात काय. पुढे जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स करंगळी नुसती चढवत नाहीत, पलीकडच्या बोटात अडकवतात. म्हणजे तेही व्हार्डनच्या हिशेबाने चुकलेच!

आणि गंमत पुढे आहे. क्षयरोगातून उठल्यावर याच व्हार्डनचा उजवा हात हातभर अंतराच्या पटला ऐन वेळी झटका खायचा. लांबचा फटका सरळ, आणि भोक समोर दिसत असताना चेंडू बाजूने. ज्याच्या नावाची पकड जगभर शिकवतात, त्याचा हात शेवटच्या दोन फुटांत ऐकत नसे.

पट म्हणजे काय, हे न खेळणाऱ्यांना सांगतो. हिरवळीवर चेंडू जमिनीवरून घरंगळत भोकात घालायचा. भोक सव्वाचार इंचांचं. ७२ फटक्यांच्या कोर्सवर त्यातले ३६ पटसाठीच धरलेले असतात. निम्मा खर्च एकाच खात्यावर, आणि लोक सराव करतात तो लांब फटक्यांचा. ऑडिटरने पहिला शेरा इथेच मारला असता. पटला मनगट मोडायचं नाही, खांदे घड्याळाच्या लंबकासारखे हलवायचे, काठी चिमणी धरावी तितकीच घट्ट धरायची. दिशेपेक्षा अंतर चुकलं की जास्त महाग पडतं. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.

हे सगळं वाचताना एक नाव सापडलं आणि मी रात्री दोनपर्यंत जागा राहिलो. पापवा सेवगोलम. दक्षिण आफ्रिकेत डर्बनचा, आपल्याकडून ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांच्या वंशातला. कागदोपत्री नाव सेवसंकर सेवगोलम, उघडच शिवशंकर. (परक्या कारकुनाने नाव कसं लिहिलं यावर पिढ्यांची ओळख ठरते, हे मी खाती उघडताना पुष्कळ पाहिलंय.) हा कॅडी होता, गोऱ्यांच्या पिशव्या वाहायचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. उजव्या हाताचा खेळाडू, पण डावा हात खाली. माझ्यासारखा! कुणी दुरुस्त करायला नव्हतं, म्हणून पकड टिकली. त्याच पकडीने त्याने डच ओपन तीन वेळा जिंकली: १९५९, १९६० आणि १९६४.

१९६३ मध्ये तो डर्बनला नाताळ ओपन जिंकला. क्लबहाऊसमध्ये गोरे होते, पाऊस पडत होता, आणि वर्णभेदाच्या कायद्यामुळे विजेत्याला आत प्रवेश नव्हता. बक्षीस बाहेर, पावसात दिलं. तो फोटो जगभर छापला गेला. १९६५ मध्ये तीच स्पर्धा तो पुन्हा जिंकला, गॅरी प्लेअर खेळत असताना. मग सरकारने त्याला तिथल्या मोठ्या स्पर्धांतून बाहेरच ठेवलं. १९७८ मध्ये तो गेला, गरिबीत. त्याची उलटी पकड मात्र आज पटिंगमध्ये मान्य आहे. जॉर्डन स्पीथसारखे मोठे खेळाडू पट मारताना डावा हात खालीच धरतात.

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. माझा अकरा वर्षांचा नातू गोल्फ शिकतो. गेल्या रविवारी आला आणि पिशवी कोपऱ्यात टाकून म्हणाला, "आबा, मला नाही जायचं." शिकवणाऱ्यांनी हात सुलटे करायला सांगितले होते. मी पोटात काहीतरी गिळलं.

सूनबाईंना विचारून मी त्या तरुण शिक्षकांना भेटलो. भला मुलगा आहे. माझं ऐकून घेतलं, आणि मीही त्याचं ऐकलं. लांबच्या फटक्याला उलट्या हातांनी बहुतेकांचा जोर कमी पडतो, हे त्याचं म्हणणं मला पटलं, पापवा एखादाच. बँकेत आम्ही सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहायचो, पेन कसा धरला ते नाही, असं मी म्हटलं. तो हसला. शेवटी ठरलं ते असं: लांब फटक्याला तीन महिने सुलटे हात करून पाहायचं, घाई न करता, पटला कुणी हात लावायचा नाही.

काल संध्याकाळी दिवाणखान्यात सतरंजी अंथरली आणि स्टीलचं फुलपात्र आडवं ठेवलं. त्याचं तोंड भोकापेक्षा लहान, म्हणजे मैदानावर भोक मोठं वाटतं. तो म्हणाला, "आबा, आधी तुम्ही मारा." मी काठी धरली. हात आपोआप उलटे पडले. त्याने पाहिलं आणि काही बोलला नाही.

पहिला चेंडू सोफ्याखाली गेला. दुसरा फुलपात्रात वाजला.